तू कोण आहेस?

बारावीचा निकाल लागला, की आपल्या घरांत मुलाविषयी बोलण्याचे काम गुणपत्रिका करते. टक्के किती पडले, ‘नीट’मध्ये गुण किती, ‘जेईई’त क्रमांक कितवा, एवढे आकडे सांगून झाले की विद्यार्थ्याचा परिचय संपतो. तो कशाने हेलावतो, कशाला घाबरतो, कुणासाठी झिजायला तयार आहे, हे त्याला प्रवेशाच्या खिडकीपाशी कोणी विचारीत नाही. या पद्धतीत कोरडेपणा आहे खरा. परंतु तिच्यात एक सोयही आहे. आकड्यांना लाजावे लागत नाही आणि फुशारकीही मारावी लागत नाही.

अलीकडे मात्र काही कुटुंबांत एक निराळाच कागद येऊ लागला आहे. परदेशी विद्यापीठात शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींना अर्जासोबत स्वतःविषयी निबंध लिहावा लागतो. अमेरिकेतील एक हजाराहून अधिक महाविद्यालये जो सामाईक अर्ज स्वीकारतात, त्यात साडेसहाशे शब्दांपर्यंतचा आत्मपर निबंध असतो. ब्रिटनमध्ये चार हजार अक्षरचिन्हांच्या मर्यादेत स्वतःचे निवेदन द्यावे लागते. २०२६ च्या प्रवेशांपासून त्या निवेदनाची तीन प्रश्नांत विभागणी झाली आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी उद्देशपत्र मागतात. आपल्या देशातील काही खासगी विद्यापीठेही असे लेखन मागू लागली आहेत. शब्दरचना कोणतीही असो, विचारणा एकच असते : तू कोण आहेस?

ही विचारणा आपल्याला अपरिचित नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात यरुशलेमहून आलेले याजक आणि लेवी योहान बाप्तिस्ताला हेच विचारतात. ज्यांनी आम्हांला पाठविले त्यांना काहीतरी उत्तर न्यावयाचे आहे, असेही ते सांगतात. म्हणजे तीही एक प्रकारची निवडसमितीच म्हणावयाची. योहानाने काय केले? आपण कोण नाही, हे त्याने आधी सांगितले. आपण ख्रिस्त नाही, एलिया नाही, तो संदेष्टाही नाही. लोक त्याला मोठे म्हणावयास तयार असताना त्याने तीन वेळा नकार दिला आणि मग आपल्याकडे सोपविलेले काम तेवढे सांगितले. त्याचे उत्तर ऐकणाऱ्यांना रुचले की नाही, याची चिंता त्याने वाहिली नाही.

आपल्या मुलांना मात्र ती चिंता वाहावीच लागते. त्यांच्या उत्तरावर प्रवेश अवलंबून असतो, शिष्यवृत्ती अवलंबून असते, कधी कधी साऱ्या घराचे भवितव्य अवलंबून असते. स्वतःविषयी लिहून काही मिळवावयाचे असते, तेव्हा माणसाने खरे कसे राहावे? प्रश्न वरकरणी शिक्षणाचा दिसतो; मुळात तो विवेकबुद्धीचा आहे.

मोजमापाची रीत

अशा निबंधांचा इतिहास फारसा निष्कलंक नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊ लागले. हार्वर्डचे तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना ते खुपले, आणि १९२२ साली त्यांनी ज्यूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार मांडला. उघड मर्यादेला विरोध झाला, तेव्हा त्याच दशकात गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहण्याची पद्धत रूढ करण्यात आली. छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शिफारसपत्रे, स्वतःविषयीचे लेखन ही सारी तिची साधने. माणूस समग्र पाहावा हा हेतू उत्तमच. परंतु नको असलेल्या माणसाला सभ्यपणे बाहेर ठेवण्यासाठीही तीच साधने कामी आली.

पुढे काळ पालटला. ज्यांना संधी नाकारली गेली, त्यांना आपली परिस्थिती सांगता यावी म्हणून तोच निबंध उपयोगी पडू लागला. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाच्या आधारे प्रवेश देण्याची पद्धत रद्द केली. मात्र आपल्या वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे अर्जदाराने लिहिण्यास हरकत नाही, असेही निकालपत्रात नमूद केले. त्यामुळे निबंधावरचा भार आणखीच वाढला. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने आपले दुःख किती नेमके मांडले, यावर आता पुष्कळ काही ठरते.

तेव्हा निबंध म्हणजे ढोंग, असे म्हणून मोकळे होता येत नाही. आणि तो म्हणजे माणसाची खरी ओळख, असे मानण्याचा भोळेपणाही परवडणारा नाही. तो एक तराजू आहे. तराजूवर काय ठेवावे हे आपल्या हाती आहे.

आत्मस्तुतीची लाज

आपल्या मुलांची पहिली अडचण खोटेपणाची नसते, संकोचाची असते. स्वतःची स्तुती करू नये, हे मराठी घरात बाळकडूसारखे पाजले जाते. समर्थांच्या दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना आत्मस्तुतीचीही गणना केली आहे. अशा संस्कारात वाढलेल्या मुलीला ‘तू काय साध्य केलेस ते लिही’ असे सांगितले, की ती पेन खाली ठेवते. आपल्या ख्रिस्ती घरांत तर नम्रतेचा उपदेश आणखी वेगळा होतो.

येथे संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक विवेक फार उपयोगी पडतो. तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात सत्यनिष्ठेची चर्चा करताना त्यांनी तिच्याविरुद्ध जाणाऱ्या दोन वृत्ती दाखविल्या आहेत. एक बढाई, म्हणजे आहे त्याहून स्वतःला अधिक सांगणे. दुसरी तिच्या उलट, म्हणजे आपल्या ठायी असलेले गुण नाकारून स्वतःला जाणूनबुजून कमी सांगणे. ही मांडणी मुळात ॲरिस्टॉटलची. परंतु अक्वायनसने तिला ख्रिस्ती नीतिविचारात स्थान दिले. बढाई हा दोष आहे हे आपल्याला पाठ आहे. खोटी नम्रता हाही असत्याचाच प्रकार आहे, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. परमेश्वराने दिलेली देणगी ‘माझ्यात काहीच नाही’ म्हणून झाकून ठेवणे ही नम्रता नव्हे. रुपयांच्या थैल्यांच्या दाखल्यात एका दासाने आपला वाटा जमिनीत पुरून ठेवला होता. धन्याने त्याचे कौतुक केले नाही.

तेव्हा मुलांना सांगावे, की आपल्याविषयी जे खरे आहे ते लिहिण्यात आत्मस्तुती नाही. गणितात गती आहे, तर आहे म्हणावे. तीन वर्षे पहाटे उठून आजोबांची शुश्रूषा केली, तर केली म्हणावे. लाज धरावी ती त्यात भर घालण्याची.

हुपरीची चांदी

भर घालण्याचा मोह कसा येतो, हे मला हुपरीच्या एका घरात जवळून पाहावयास मिळाले. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, देशभर प्रसिद्ध आहे. येथील चांदीकाम मोठ्या कारखान्यांपेक्षा घराघरांत चालते. एका घरात चांदी वितळते, दुसऱ्यात तार ओढली जाते, तिसऱ्यात कड्या जोडल्या जातात, चौथ्यात बायका घुंगरू बसवितात. चांदी तोलून येते आणि दागिना तोलून परत जातो. मधली घट किती धरावयाची, याचा हिशेब चोख ठेवावा लागतो.

अशा एका कारागिराची मुलगी, अभ्यासात हुशार, धातुशास्त्र शिकण्यासाठी परदेशी अर्ज करीत होती. कुटुंब माझ्या परिचयाचे. तिने लिहिलेला पहिला मसुदा मी वाचला. त्यात वडिलांच्या हिशेबाची वही होती. आठवीपासून ती वही तीच लिहीत असे. एवढी चांदी आली, एवढी गेली, मग मधली जाते कुठे, असे कोडे तिला पडले. घासताना, वितळविताना, उजळताना किती कण निसटतात, ते परत कसे मिळविता येतील, हे शोधता शोधता तिला त्या विषयाची गोडी लागली. लेखन साधे होते, थोडे रुक्षही होते; पण वाचणाऱ्याला ती मुलगी समोर दिसत होती.

नंतर शहरातल्या एका मार्गदर्शकाने तो मसुदा नापसंत केला. यात भावना नाहीत, असे त्याचे म्हणणे. भट्टीचा धूर आणा, वडिलांचा खोकला आणा, आईची सोललेली बोटे आणा. नवा मसुदा तयार झाला. त्यात अंधारी खोली होती, खोकणारा बाप होता आणि सारे कुटुंब उपाशी झोपले अशी एक रात्रही होती. ती रात्र त्या घरात कधी आली नव्हती, हे मुलीनेच मला सांगितले. तिच्या भावाने घरी तो निबंध मराठीत वाचून दाखविला. वडील ऐकून गप्प राहिले. काही दिवसांनी मला भेटले तेव्हा म्हणाले, ‘फादर, खोकला मला हाय, त्यात खोटं काय न्हाई. पर त्यो मी इकायला काढलेला न्हाई.’

नीतिशास्त्राच्या अभ्यासात मी पुष्कळ व्याख्या शिकलो. या वाक्यात मला त्या साऱ्या पुन्हा शिकावयास मिळाल्या. त्या मसुद्यात दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. उपाशी झोपल्याची रात्र हे सरळ असत्य. आठव्या आज्ञेचा भंग तिथे कोणालाही दिसेल. वडिलांचा खोकला मात्र खरा होता. तरीही तो निबंधात घालताना काहीतरी बिघडले. कारण तो खोकला त्या मुलीचा नव्हता. आपल्या आयुष्याची गोष्ट लिहिताना आपण नेहमीच दुसऱ्यांचीही गोष्ट लिहीत असतो : आईची, बापाची, दारू पिणाऱ्या काकाची, सासरी नांदत नसलेल्या बहिणीची. त्यांनी आपल्याला संमती दिलेली नसते. एखादी गोष्ट खरी आहे, एवढ्याने ती उघड्यावर मांडण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. ख्रिस्तसभेच्या नीतिविचारात दुसऱ्याचे दोष विनाकारण उघड करणे हा दोष मानला आहे, मग ते दोष खरे का असेनात. दुःखाचेही तसेच आहे. ज्याचे दुःख, त्याची त्यावर पहिली मालकी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. गरिबाने आपली गरिबी सांगू नये काय? श्रीमंतांची मुले महागडे मार्गदर्शक लावून घोडेस्वारीपासून पियानोपर्यंत सारे लिहितात. गरिबाच्या मुलाजवळ सांगण्यासारखे त्याचे कष्टच असतील, तर तेही त्याने लपवावेत काय? मुळीच नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी समाजाला जे कधी दाखविले गेले नव्हते ते पाहावे लागले. त्या लेखकांनी दुःख झाकले असते, तर आपण सारेच अधिक आंधळे राहिलो असतो. परंतु तिथे सांगणाऱ्याची मान ताठ होती. वाचकाला रडवून त्याच्याकडून काही घ्यावे, हा हेतू नव्हता. वाचकाला विचार करावयास लावणे हा होता. आपली परिस्थिती सांगणे निराळे आणि वाचकाला हवी तशी ती सजवून देणे निराळे. पहिल्यात माणूस बोलतो. दुसऱ्यात गिऱ्हाईक बोलते, माणूस केवळ माल पुरवितो.

दुःखाला भाव आला, की त्याचा कारखाना निघावयास वेळ लागत नाही. २०१८ साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील एका लहानशा खासगी शाळेचे प्रकरण वृत्तपत्रांनी उजेडात आणले. तेथील कृष्णवर्णीय मुलांना नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळत, आणि त्याच्या चित्रफिती लाखो लोक कौतुकाने पाहत. पुढे निष्पन्न झाले, की काही अर्जांतील हालअपेष्टांच्या कहाण्या रचलेल्या होत्या. त्यात त्या मुलांची केवढी मानहानी झाली! त्यांचे खरे आयुष्य पुरेसे करुण नाही, असे त्यांना त्यांच्याच शिक्षकांनी शिकविले.

डाक किती असावी?

मग दुसऱ्याची मदत घेऊच नये काय? याचे उत्तर हुपरीच्या कारागिरालाच विचारावे. चांदीच्या दोन कड्या जोडण्यासाठी डाक लागते. चांदीतच तांबे, जस्त यांसारखा हलका धातू मिसळून केलेले आणि चांदीच्या आधी वितळणारे ते मिश्रण. डाकेवाचून पैंजण होत नाही. परंतु डाक वाजवीपेक्षा अधिक घातली आणि ती चांदीच्या भावाने तोलून दिली, की टंच उतरतो आणि कारागिराचा शब्दही उतरतो. शिक्षकाने व्याकरण सुधारले, क्रम लावून दिला, ‘हे मला कळले नाही, नीट सांग’ असे म्हटले, ती डाक. शिक्षकाने अनुभवच आपल्या पदरचा घातला, वाक्ये आपली लिहिली, ती भेसळ.

आज तर भेसळ करण्यासाठी शिक्षकही लागत नाही. २०२२ च्या अखेरीपासून संगणकाला चार ओळींची माहिती पुरवावी आणि मागावा तसा निबंध घ्यावा, अशी सोय झाली आहे. तो निबंध सुबक असतो, त्यात एकही चूक नसते. अमेरिकेच्या सामाईक अर्जाच्या नियमांत अशा यंत्राचे लेखन स्वतःचे म्हणून देणे ही फसवणूक मानली आहे. पण नियमाचे भय क्षणभर बाजूला ठेवू. ‘तू कोण आहेस?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याने कधी जन्म घेतला नाही, ज्याला आई नाही, ज्याला मरण नाही, अशा यंत्राने द्यावे, आणि आपल्या मुलाने खाली सही करावी, यात फसतो कोण? विद्यापीठ कदाचित फसेल. मुलगा निश्चित फसतो, कारण स्वतःकडे पाहण्याची एक संधी तो गमावून बसतो.

प्रेमाने केलेली सुधारणाही लेखकाला झाकून टाकू शकते, याचे उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. बाळ येशूची संत तेरेजा हिने १८९५ साली आपल्या बालपणीच्या आठवणी लिहावयास घेतल्या, त्या मठाच्या वरिष्ठ असलेल्या आपल्या सख्ख्या बहिणीच्या आज्ञेवरून. १८९७ मध्ये तेरेजा निवर्तली आणि पुढच्या वर्षी ‘एका आत्म्याची कथा’ प्रसिद्ध झाली. बहिणीने त्या लेखनात ठिकठिकाणी फेरफार केले होते, तेही केवळ मायेपोटी. जगभर ते पुस्तक वाचले गेले. तरीसुद्धा ख्रिस्तसभेला तेरेजाचे स्वतःचे शब्द हवेसे वाटले, आणि १९५६ साली तिची मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी प्रसिद्ध करण्यात आली. संताच्याही बाबतीत लोकांना अखेर तिचाच आवाज ऐकावयाचा होता.

कोल्हापुराशी जडलेला एक अर्ज

आत्मपर अर्जाचा विषय निघाला, की आपल्या या परिसराशी नाते असलेल्या एका मुलीची आठवण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. पती गोपाळराव टपालखात्यात होते. त्यांची नेमणूक कोल्हापुरास असताना, १८७८ साली, पत्नीला अमेरिकेत शिकविण्यासाठी साहाय्य मिळावे म्हणून त्यांनी मिशनरी मंडळींशी पत्रव्यवहार केला. कोल्हापुरात अनेक वर्षे काम करून मायदेशी परतलेल्या रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. साहाय्याची वाट मात्र धर्मांतरातून जाणारी होती. जोशी दांपत्याने ती नाकारली.

ही घटना आपण ख्रिस्ती वाचकांनी डोळे न मिटता वाचावी अशी आहे. मदत मागणाऱ्याला, ‘आम्हांला हवी तशी ओळख सांग, मग दार उघडू’ असे म्हटले गेले, आणि म्हणणारे प्रभूचे नाव घेणारे होते. पुढे तोच मजकूर न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला, दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना. त्याही ख्रिस्तीच. त्यांनी कोणतीही अट न घालता पत्र लिहिले, आणि १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या तेव्हा आपल्या घरात त्यांना आसरा दिला. एकाच श्रद्धेची ही दोन वर्तने आपल्यापुढे आहेत. शुभवर्तमानाच्या जवळ कोणते होते, हे सांगावयास धर्मगुरू लागत नाही.

फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाकडे जून १८८३ मध्ये आनंदीबाईंनी केलेला इंग्रजी अर्ज आजही उपलब्ध आहे. अठरा वर्षांची ती मुलगी आपल्यात काय उणे आहे, ते आधी मान्य करते. मित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निश्चय हेच आपले भांडवल, असे सांगते. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात; त्यांच्यासाठी आपल्याला शिकावयाचे आहे, आणि स्वतःसाठी आपण काहीच मागत नाही, असे लिहिते. गमावलेल्या बाळाचे दुःख तिच्या संकल्पाच्या मुळाशी होते, असे चरित्रकार सांगतात. अर्जात तिने ते दुःख पुढे केलेले नाही. आजच्या एखाद्या मार्गदर्शकाने ते पहिल्या ओळीत घ्यावयास लावले असते.

तिला अतिमानवी करण्याचेही कारण नाही. त्याच पत्रात तिने आपली प्रकृती चांगली असल्याचे लिहिले आहे. वास्तविक भारतात असतानाच ती वारंवार आजारी असे. ते वाक्य वाचताना मन थबकते. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आपले सारे काही सांगण्याचे धैर्य होत नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे. ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाचे काम तिला देऊ केले. ते सुरू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचा अंत झाला. अर्जात मागितलेले तिने स्वतःसाठी वापरलेच नाही, आणि ज्यांच्यासाठी मागितले त्यांच्यापर्यंत ते पोहोचू शकले नाही. तरीही सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर त्या अर्जातला आवाज तिचाच आहे, एवढे ओळखू येते.

कोणापुढे बोलावयाचे?

लूककृत शुभवर्तमानात दोन माणसे मंदिरात प्रार्थनेस जातात. परुशी उभा राहून आपले उपवास आणि दशांश मोजून दाखवितो. त्यातले एकही विधान खोटे नसावे. त्याची चूक आकड्यांत नाही. तो देवापुढे उभा राहून जकातदाराशी स्वतःची तुलना करीत राहिला. दुसऱ्याला खाली ढकलून त्याने आपली उंची मोजली. प्रवेशाच्या स्पर्धेत नेमके हेच करण्यास मुलांना शिकविले जाते. इतरांहून तू निराळा कसा, ते सांग. याउलट संत अगस्तीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपले आत्मनिवेदन लिहिले, तेव्हा ते परमेश्वराला उद्देशून लिहिले. माणसांनी ते वाचावे अशी त्याची इच्छा होतीच; परंतु जो सारे आधीच जाणतो त्याच्याशी बोलताना वाढवून सांगण्यात अर्थ उरत नाही, आणि लपविण्यातही नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी तर आपली जीवनकथा सहकाऱ्याला सांगताना ‘मी’ हा शब्दच टाळला. स्वतःचा उल्लेख त्यांनी ‘यात्रेकरू’ असा केला. यात्रेकरूला आपण पोहोचलो असे सांगण्याची घाई नसते.

विद्यापीठाचा अधिकारी देव नव्हे, आणि त्याच्यापुढे पापनिवेदन करण्याचे कारण नाही. म्हणून मुलांनी आपले सर्वांत खोल दुःख तिथे मांडलेच पाहिजे, असे कोणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नये. मनाच्या काही खोल्या प्रार्थनेसाठी आणि जिवलगांसाठी राखून ठेवाव्यात. निबंधात सांगावे ते खरे असावे, पण खरे ते सारेच सांगावे असा दंडक नाही.

माझ्याकडे शिफारसपत्रासाठी मुले येतात. मी त्यांना दोन कसोट्या सांगतो. ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांच्यासमोर, त्यांना कळेल अशा भाषेत, हा निबंध तुला मोठ्याने वाचता येईल काय? आणि झोपण्यापूर्वी दिवसभराची झडती घेताना तू स्वतःला जसा दिसतोस, तसाच या कागदावर आहेस काय? दोन्हींना ‘होय’ आले, तर निश्चिंतपणे पाठवावे. शिफारसपत्र लिहिणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना आणि शिक्षकांनाही हाच नियम लागू आहे. प्रत्येक मुलगा ‘असामान्य’ असल्याचे लिहून देणारा माणूस खरोखर असामान्य असलेल्या मुलाचा घात करतो.

हुपरीच्या त्या मुलीने वहीचा मसुदा पुन्हा काढला. थोडी मांडणी बदलली, इंग्रजी सुधारून घेतले, वडिलांना अर्थ सांगितला आणि तोच पाठविला. तिला प्रवेश मिळाला की नाही, हे मी मुद्दाम सांगत नाही. मिळाला म्हणून तिने केले ते योग्य ठरत नाही, आणि न मिळाला तर ते अयोग्यही ठरत नाही.

आईवडिलांना मात्र एक विनंती करावीशी वाटते. मुलाला हा प्रश्न पहिल्यांदा परक्या देशातल्या अनोळखी माणसाने विचारावा, अशी वेळ येऊ देऊ नका. जेवणाच्या ताटावर, रोझरी संपल्यानंतरच्या त्या निवांत पाच मिनिटांत, त्याला काय आवडते, कशाचे वाईट वाटले, पुढे कुणाच्या उपयोगी पडावेसे वाटते, हे तुम्ही विचारा आणि तो बोलेल तेवढे ऐकून घ्या. ज्या घरात मुलाचे बोलणे ऐकले जाते, त्या घरातल्या मुलाला स्वतःची गोष्ट बाजारातून विकत आणावी लागत नाही.